जुळ्या मुलग्यांचे घर : खान्देशातील बालसंगोपन

घरात एक मुलगा आधीच अंगणभर धावत असावा आणि दुसऱ्या बाळंतपणात एकाच्या जागी दोन मुलगे, तेही एकाला झाकावे आणि दुसऱ्याला काढावे असे, जन्माला यावेत, ही बातमी जळगाव-धुळ्याकडे पेढ्यांच्या दुप्पट पुड्यांनी गावभर होते. आनंदाचा हा भर बाराव्या दिवसापर्यंत टिकतो. त्यानंतर पाहुणे पांगतात आणि आई, आजी व बहुधा एखादी मावशी यांच्या वाट्याला दिवसरात्रीचा भेद न मानणारे काम येते. दोन-तीन वर्षे चालणाऱ्या या कामाला ‘देवाने एकदम दोन दिले’ या वाक्यात जागा नसते.

जुळ्यांना जुन्या मराठीत ‘जावळे’ असाही शब्द आहे. ‘जुळे’ हा शब्द माणसांप्रमाणे फळांनाही लागतो. केळीच्या घडात एकाच सालीत जुळलेली दोन केळी निघाली की ते जोडकेळे गर्भार सुनेच्या हाती लागू द्यायचे नाही, नाहीतर जुळी होतात, हा समज महाराष्ट्रात सर्वत्र आढळतो. जळगाव तर केळीचाच जिल्हा. या समजाला शास्त्राचा आधार नाही, पण एक गोष्ट त्यातून दिसते. जुळी होणे हे जुन्या पिढीच्या लेखी निव्वळ भाग्य नव्हते, ते टाळण्याजोगे संकटही होते. दोन अपुऱ्या वजनाची बाळे आणि एक खचलेली बाळंतीण यांचे पुढे काय होते, हे त्या पिढीने पाहिलेले होते.

जुळ्यांचे दोन प्रकार आहेत. दोन स्त्रीबीजे दोन शुक्रजंतूंनी फलित झाली तर जन्मणारी मुले एकाच वेळी जन्मलेली, पण एरवी इतर भावंडांइतकीच सारखी किंवा वेगळी असतात. हुबेहूब जुळी मात्र एकाच फलित बीजाचे दोन भाग होऊन तयार होतात. पहिल्या प्रकाराचे प्रमाण आईचे वय, वंश, घराण्यातील परंपरा आणि वंध्यत्वावरील उपचार यांनुसार बदलते. दुसऱ्या प्रकाराचे प्रमाण जगात सगळीकडे जवळपास सारखे, हजार बाळंतपणांमागे सुमारे चार इतके राहिले आहे. म्हणूनच हुबेहूब जुळ्यांचे श्रेय सासरच्या किंवा माहेरच्या घराण्याला देण्यात अर्थ नाही. जगभरात जुळ्यांची एकंदर संख्या मात्र वाढली. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात हजार बाळंतपणांमागे सुमारे नऊ असलेले प्रमाण २०१० ते २०१५ या काळात बारापर्यंत गेले. उशिरा होणारी मातृत्वे आणि प्रयोगशाळेत गर्भधारणा घडवून आणणारे उपचार ही त्यामागची मुख्य कारणे होत.

हुबेहूबपणाविषयी एक गैरसमज अनेक सुशिक्षित घरांतही आढळतो. ‘दोघांच्या वारा वेगळ्या होत्या, म्हणजे ही एकसारखी जुळी नव्हेत,’ असे सांगितले जाते. प्रत्यक्षात फलित बीज पहिल्या तीन दिवसांत विभागले तर हुबेहूब जुळ्यांनाही दोन वारा असू शकतात, आणि अशा जुळ्यांपैकी सुमारे एकतृतीयांश याच गटात मोडतात. चौथ्या ते आठव्या दिवसांत विभाजन झाले तर वार एक, गर्भजलाच्या पिशव्या दोन. त्याहून उशीर झाल्यास पिशवीही एकच, आणि तेराव्या दिवसाच्या पुढे गेल्यास शरीरे पूर्ण वेगळी न होण्याचा धोका. मुलगे एकसारखे दिसतात की नाही, यावरून निर्णय देणे धाडसाचे आहे. वार एकच असेल तर ते हुबेहूब जुळे मानले जातात. वारा दोन असतील तर खात्रीचे उत्तर डीएनए चाचणीच देते. दोघांचे डीएनएदेखील अक्षरश: एक नसते. आइसलँडमधील संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा जुळ्यांमध्ये गर्भावस्थेच्या आरंभीच घडलेले सरासरी पाच जनुकीय बदल वेगळे आढळले होते.

वार एक की दोन, हा प्रश्न कुतूहलापुरता नाही. एकाच वारेवर पोसल्या जाणाऱ्या जुळ्यांत दोघांच्या रक्तवाहिन्या वारेत एकमेकींना जोडलेल्या असतात. अशा दहा ते पंधरा टक्के गर्भारपणांत एकाचे रक्त दुसऱ्याकडे वाहू लागते. एक सुकतो, दुसऱ्याच्या हृदयावर भार येतो आणि उपचार न झाल्यास दोघेही हातचे जाऊ शकतात. वारांची संख्या अकरा ते चौदा आठवड्यांच्या सोनोग्राफीत सर्वांत खात्रीने कळते. पुढे ती सांगणे अवघड होत जाते. वार एक असेल तर सोळाव्या आठवड्यापासून दर पंधरा दिवसांनी तपासणी करावी, असा सर्वसाधारण वैद्यकीय सल्ला असतो. शिरपूर किंवा चोपडा तालुक्यातील सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून दर पंधरा दिवसांनी शहर गाठणे म्हणजे एका माणसाची दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे. ते पैसे कुठून यायचे, याचे उत्तर सोनोग्राफीच्या कागदावर नसते. मुलगा की मुलगी हे विचारण्यासाठी मात्र याच अंतराचा कधी बाऊ झाला नव्हता. त्यासाठीच १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा करावा लागला.

निम्म्याहून अधिक जुळी सदतिसावा आठवडा पुरा होण्यापूर्वीच जन्मतात. अडीच किलोंपेक्षा कमी वजन हे कमी वजन मानले जाते; जुळ्यांत दोन किलोंच्या आसपासचे बाळ नवलाचे नसते आणि दोघांत दोनतीनशे ग्रॅमचा फरक असणेही नेहमीचे. धुळ्यात भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८९ पासून आहे. जळगावात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू होण्यासाठी २०१८ साल उजाडले. आजारी नवजातांसाठीचे विशेष कक्ष आता सरकारी रुग्णालयांत असतात. बाळे तेथे दाखल होतात तेव्हा आई एका खाटेवर, एक बाळ एका पेटीत, दुसरे दुसऱ्या पेटीत आणि थोरला मुलगा आजीसोबत गावी, अशी कुटुंबाची चार ठिकाणी वाटणी होते.

पेटीला पूरक आणि बिनखर्चाचा उपाय म्हणजे बाळाला उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून बांधून ठेवणे. कोलंबियातील बोगोटा येथे १९७८ च्या सुमारास पेट्यांच्या तुटवड्यातून ही ‘कांगारू’ पद्धत पुढे आली. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केलेल्या कमी वजनाच्या बाळांतील मृत्यूंचे प्रमाण सुमारे एकचतुर्थांशाने कमी आढळले. जुळ्यांसाठी तिचा विशेष लाभ असा, की आई एकाला घेऊन बसली असताना वडिलांनी किंवा आजीने दुसऱ्याला छातीशी घेतले तरी चालते. सदरा काढून, तान्ह्याला पोटाशी बांधून तासन्तास बसलेला बाप ओसरीवर दिसू लागला की शेजारी हसतात. हसू द्यावे. ज्या धुळ्याचा पारा मे महिन्यात चाळिशी सहज ओलांडतो, त्याच धुळ्यात डिसेंबर-जानेवारीत तो एक आकडी होतो आणि दोन किलोंच्या बाळाला ती थंडी सोसत नाही.

दूध, पाणी आणि ऊन

नवजात बाळ दिवसाकाठी आठ ते बारा वेळा अंगावर पिते. दोन बाळांचे हे हिशोब सोळा ते चोवीसवर जातात. दोघांना पाळीपाळीने पाजले तर आईला अंग टाकायलाही सवड उरत नाही. म्हणून दोघांना एकाच वेळी, एकेकाला दोन्ही काखांत धरून, पाय मागे सोडून पाजण्याची रीत परिचारिका शिकवतात. पहिले दोन-चार दिवस आईला त्यासाठी दोन उशा आणि एक मदतनीस लागते. ‘दोघांना कुठून पुरणार?’ हा प्रश्न घरात पहिल्याच आठवड्यात निघतो आणि डबा आणण्याचे ठरते. वास्तविक दूध मागणीनुसार वाढते. जितके ओढले जाईल तितके ते तयार होते. काही मातांना, विशेषत: रक्तक्षय असलेल्यांना, वरचे दूध द्यावे लागतेच. त्यात अपराधीपण मानण्याचे कारण नाही, मात्र ते बाटलीऐवजी वाटी-चमच्याने आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावे. जुन्या घरांतील बोंडले हे याच वाटी-चमच्याचे पूर्वज. फक्त ते उकळून घेण्याची सवय तेव्हा नव्हती.

खान्देशात या प्रश्नाला उन्हाळ्याचे एक वेगळे टोक आहे. जळगाव, भुसावळ या पट्ट्यात तापमान पंचेचाळीस अंशांच्या पुढे गेल्याच्या नोंदी अनेक वर्षांच्या आहेत. अशा उन्हात तान्ह्याचे ओठ सुकलेले पाहून आजीचा जीव राहत नाही आणि ती बोटाने, चमच्याने पाणी पाजते. तिची माया खरी असते, पण सल्ला चुकीचा ठरतो. पहिले सहा महिने आईच्या दुधात पुरेसे पाणी असते, कडक उन्हाळ्यातही. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिका याबाबत स्पष्ट आहे. वरच्या पाण्याने बाळाचे इवले पोट भरते, दूध कमी जाते आणि पाण्यासोबत जुलाब येतात. पाण्याची खरी गरज असते ती आईला. दोन जीव पोसणाऱ्या बाईने उन्हाळ्यात तहान लागण्याची वाट पाहू नये. बाळंतिणीला पाणी मोजून देण्याची जी रीत काही घरांत अजून पाळली जाते, ती जुळ्यांच्या आईच्या बाबतीत तर निखालस अन्याय आहे.

जुलाब लागलेच तर एका मुलापुरते ते थांबत नाहीत. एका पाळण्यात निजणारे, एकमेकांची बोटे चोखणारे दोघे, आणि त्यांची खेळणी तोंडात घालणारा थोरला, यांच्यात आजार फिरत राहतो. क्षारसंजीवनीचे मोठे पाकीट एक लिटर पाण्यात पूर्ण मिसळावे. पाकीट नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. त्यासोबत चौदा दिवस जस्ताची गोळी, सहा महिन्यांखालील बाळाला दहा आणि त्यावरील मुलाला वीस मिलिग्रॅम. जुळ्यांच्या घरात येथे एक चूक वारंवार घडते. रात्री दोन वाजता उठलेली आई औषध देते, पहाटे आजी देते, आणि एकालाच दोनदा जाते. दुसरा कोरडाच राहतो. उपाय साधा आहे. भिंतीला एक वही टांगावी, दोन रकाने आखावेत, दूध, औषध, शी-शू यांची नोंद देणाऱ्याने त्याच क्षणी करावी. एकाच्या पायात काळा दोरा, दुसऱ्याच्या पायात लाल, हीही जुनीच आणि उपयुक्त युक्ती. फक्त आंघोळीच्या वेळी दोघांचे दोरे एकदम काढू नयेत.

लंगोटांचा विषय वर्तमानपत्रात सहसा येत नाही. दोन तान्ह्यांचे लंगोट, दुपटी आणि थोरल्याचे चिखलाचे कपडे मिळून रोज दोन-तीन बादल्या पाणी केवळ धुण्याला लागते. नळाला रोज पाणी येत नाही अशा वसाहती खान्देशातील शहरांना नव्या नाहीत. ज्या घरात पाण्याच्या दिवसाची वाट पाहावी लागते, तेथे जुळ्यांचे आगमन पिंपांच्या संख्येवरून ओळखता येते. एका बाबतीत मात्र खान्देशचे ऊन कामी येते. लंगोट तासाभरात खडखडीत वाळतो.

अपुऱ्या दिवसांच्या मुलांची तुलना शेजारच्या मुलाशी करण्याची घाई सर्वत्र होते. दीड महिना आधी जन्मलेल्या बाळाचे वय, विकासाचा विचार करताना, ठरलेल्या तारखेपासून मोजावे. पहिली दोन वर्षे हाच हिशोब बालरोगतज्ज्ञ धरतात. म्हणजे शेजारचा मुलगा सहाव्या महिन्यात बसू लागला असेल तर ही जोडी साडेसातव्यात बसली तरी ते वेळेवरच झाले. लसीकरणाला हा हिशोब लागू नाही. तेथे जन्मतारीखच प्रमाण : जन्मत: बीसीजी, पोलिओ, कावीळ ब, पुढे सहा, दहा आणि चौदा आठवडे, मग नऊ महिने. दोघांची पत्रके वेगळी असतात आणि ती वेगळीच ठेवावीत. ‘दोघांचे सारखेच आहे’ म्हणून एकच पत्रक घेऊन गेलेली आई दुसऱ्याची नोंद हरवून बसते. आशा कार्यकर्तीच्या घरभेटी जन्मानंतर बेचाळीस दिवसांपर्यंत ठरलेल्या असतात. तिने वजनकाट्यावर दोघांना एकाच दिवशी ठेवले की कोण मागे पडतो आहे ते लगेच दिसते. मागे पडणारा बहुधा लहान चणीचा, कमी रडणारा असतो. जो मोठ्याने रडतो त्याला आधी पाजले जाते, हे घराघरांतले सत्य आहे, आणि शांत बाळाचे कौतुक करण्याआधी त्याचे वजन पाहावे.

थोरला

सर्वांचे डोळे जुळ्यांवर असताना दोन-तीन वर्षांचा थोरला अचानक ‘मोठा’ होतो. कालपर्यंत आईच्या कुशीत झोपणारा हा मुलगा आता आजीच्या बाजेवर झोपतो, त्याने हट्ट केला तर ‘तू आता दादा झालास’ असे ऐकतो. पुष्कळ घरांत त्याला काही महिन्यांसाठी मामाकडे पाठवले जाते. गरज म्हणून हे समजण्यासारखे आहे. पण परत आल्यावर त्याचे अंथरूण ओले होऊ लागले, तो तोतरे बोलू लागला किंवा पाळण्याला जोराचा झोका देऊ लागला, तर तो खोडकरपणा मानू नये. पाहुणा जुळ्यांसाठी एकसारखे दोन झबले आणतो, थोरल्यासाठी काही आणत नाही. वडिलांनी रोज अर्धा तास केवळ थोरल्याला दिला, त्याला सोबत घेऊन शेतात किंवा दुकानात गेले, तर घरातील निम्मी भांडणे कमी होतात. खान्देशातील वडील या कामात कमी पडतात हे म्हणणे सरसकट होईल. पण तीन मुलग्यांच्या घरात आईला विश्रांती मिळत नाही आणि मदत मागितली तर ‘आमच्या आईने सहा वाढवले’ हे उत्तर तयार असते, हेही खरे. जुळ्यांच्या मातांमध्ये बाळंतपणानंतरच्या खिन्नतेचे प्रमाण एरवीपेक्षा अधिक आढळते. रडू येते, झोप आली तरी लागत नाही, बाळांविषयी काहीच वाटेनासे होते, ही लक्षणे दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली तर दृष्ट काढून भागत नाही. डॉक्टरांकडे जावे लागते.

बोलण्याच्या बाबतीत जुळी मुले अनेकदा मागे असतात. मोठ्या माणसाचे प्रत्येकाच्या वाट्याला येणारे बोलणे निम्मे होते आणि दोघांना एकमेकांची खूण कळत असल्याने शब्दांची निकड भासत नाही. दोघांनीच समजून घ्यायची अर्धवट शब्दांची एक भाषा ते काही काळ चालवतात. धुळे, अमळनेर, पारोळ्याकडे घरात अहिराणी, यावल-रावेरच्या लेवा घरांत गणबोली, शाळेत प्रमाण मराठी अशी रचना असते. घरच्या बोलीमुळे मुले मागे पडतात असा शिक्षकांचा एक समज आहे, तो टिकणारा नाही. बोली कोणतीही असो, प्रत्येकाशी नाव घेऊन, डोळ्यांत पाहून, वेगळे बोलणे हाच उपाय आहे. आजीच्या अहिराणी गोष्टी त्या कामी पुस्तकांहून सरस ठरतात.

जुळ्यांना रूप, वजन आणि अन्न यांखेरीज स्वभावही वेगळा मिळतो. एकाला कळण्याची भाकरी आवडते, दुसरा तिला हात लावत नाही. एक झाडावर चढतो, दुसरा खाली उभा राहून वर पाहतो. चढणारा आणि पाहणारा दोघेही पाण्यात मात्र एकदम उतरतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत विहिरी, शेततळी, पाटाचे पाणी आणि तापी-पांझरेचे डोह येथे मुले बुडाल्याच्या बातम्या दरवर्षी येतात, आणि त्यांत एकाला वाचवायला गेलेला भाऊ हा तपशील पुन:पुन्हा असतो. पोहायला मोठ्या माणसाच्या देखरेखीत शिकवणे आणि शेततळ्याला कुंपण व दोर असणे, या दोन गोष्टींना पर्याय नाही.

असोदे आणि अमळनेर

अनेक मुले वाढवण्याचा इतिहास या भागाला आहे आणि त्यातील दोन उदाहरणे सर्वांना माहीत असूनही या दृष्टीने फारशी पाहिली जात नाहीत. जळगावजवळच्या असोदे गावी १८८० मध्ये महाजनांच्या घरी जन्मलेल्या बहिणाबाईंना घमा, गना आणि घना असे तीन भाऊ व तीन बहिणी होत्या. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरी यांच्याशी त्यांचे लग्न झाले आणि तिसाव्या वर्षी वैधव्य आले. मुलगी काशी आणि ओंकार व सोपानदेव हे दोन मुलगे त्यांनी शेतीकाम करत वाढवले. ओंकारला प्लेगच्या आजारातून कायमचे अपंगत्व आले होते. सोपानदेव पुढे कवी झाले, आणि आईच्या ओव्या कागदावर उतरून १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या त्याही मुलांमुळेच. बहिणाबाई त्याआधीच, १९५१ मध्ये, गेल्या होत्या. एका विधवेने, एका अपंग मुलासह, काबाडकष्टात चालवलेले हे संगोपन आहे. विद्यापीठाला त्यांचे नाव २०१८ मध्ये मिळाले, तेव्हा भाषणे कवितेवर झाली तर नवल नाही, पण घर चालले ते शेतावरच्या कामावर.

दुसरे उदाहरण आईचे नाही. पांडुरंग सदाशिव साने १९२४ मध्ये अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक म्हणून आले आणि १९३० मध्ये नोकरी सोडून स्वातंत्र्यलढ्यात उतरेपर्यंत तेथे होते. वसतिगृहाची जबाबदारी त्यांच्याकडे आल्यावर त्यांनी मुलांच्या खोल्या झाडणे, अंथरुणे आवरणे, कपडे धुणे ही कामे स्वत: केली, आजारी मुलांची शुश्रूषा केली, ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक चालवले. मुलांना न रागावता स्वच्छतेची सवय लागली, ती त्यांना लाज वाटून. १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’ या पुस्तकाने महाराष्ट्राला आईची महती सांगितली, हे खरे. परंतु मुलग्यांचे संगोपन पुरुषही करू शकतो, हे त्याच लेखकाने अमळनेरात आधी करून दाखवले होते. त्या भागाची आठवण कमी निघते.

नावे आणि कागद

घमा, गना, घना यांसारखी यमके जुळवण्याची हौस जुळ्यांच्या बाबतीत अधिकच उफाळते. ऐकायला गोड असलेली ही जोडनावे पुढे कागदावर त्रास देतात. मराठी नावात स्वत:चे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम असतो. दोघांचे आद्याक्षर एकच ठेवले, तर आद्याक्षरे, आडनाव, आईचे नाव, पत्ता आणि जन्मतारीख असे सारेच एक होते. पाटील, महाजन, चौधरी, सोनवणे ही आडनावे ज्या गावात घरोघर आहेत, तेथे एका भावाची गुणपत्रिका दुसऱ्याच्या नावावर जाणे मुळीच अशक्य नाही. आद्याक्षर वेगळे ठेवणे हा एवढ्यापुरता उत्तम बंदोबस्त आहे. जन्माची नोंद एकवीस दिवसांच्या आत, दोघांची स्वतंत्र करावी आणि जन्मवेळ तपासून घ्यावी. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पुढे जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच ग्राह्य धरला जातो. त्यामुळे त्यातील एका अक्षराची चूकही पुढे महागात पडते.

थोरला कोण, हा वाद यावरूनच मिटतो. काही घरांत जो नंतर जन्मला तो आधी गर्भात आला म्हणून मोठा, असे मानतात. कागद मात्र जन्मवेळ पाहतो.

कुटुंबाच्या आकाराशी कायद्याचाही संबंध येतो. महाराष्ट्रात सप्टेंबर २००१ पासून लागू झालेल्या तरतुदीनुसार दोनपेक्षा अधिक अपत्ये असलेली व्यक्ती ग्रामपंचायतीच्या सदस्यत्वाला अपात्र ठरू लागली. शासकीय नोकरीसाठीही २००५ च्या नियमांनी लहान कुटुंबाची अट आणली. एक मूल असताना दुसऱ्या बाळंतपणात जुळी झाली तर त्या बाळंतपणातील सर्व अपत्ये मिळून एकच धरावीत, असे स्पष्टीकरण पंचायत कायद्यातील तरतुदीलाच जोडलेले आहे. म्हणजे एक थोरला आणि दोन जुळे असे तीन मुलगे असलेला उमेदवार पात्र ठरतो. पहिल्याच खेपेला जुळी झाली आणि नंतर तिसरे मूल झाले, तर मात्र त्या शब्दांचा आधार मिळत नाही. मुले तीनच, फरक फक्त क्रमाचा. प्रसूती रजेच्या कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने रजा सव्वीस आठवड्यांची झाली, परंतु जुळ्यांसाठी वाढीव रजा त्यात नाही. कापूस वेचणाऱ्या किंवा केळीच्या बागेत राबणाऱ्या आईला तर यातील काहीच लागू नसते.

मुलग्यांच्या घरांचे कौतुक या भागात किती खोल आहे, ते जनगणनेत दिसते. जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील हजार मुलग्यांमागे मुलींची संख्या २००१ मध्ये ८८० होती, २०११ मध्ये ती ८४२ वर आली. राज्याची सरासरी त्या वर्षी ८९४ होती. नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशात कानबाई बसते, तेव्हा रोटासाठी घरातील लहानमोठ्या पुरुषांच्या नावाने सव्वा-सव्वा मूठ धान्य मोजून घेण्याची रीत अनेक कुळांत आहे. जुळी झाली की त्या वर्षी अडीच मुठी वाढतात. जावळ काढण्यासाठी धुळ्याच्या एकवीरा देवीला जाणाऱ्या कुटुंबात दोघे एकदमच मुंडण करून निघतात आणि त्या दिवशी आईलाही क्षणभर दोघांत फरक करता येत नाही.

शाळेत दोघांना एका वर्गात ठेवावे की वेगळ्या तुकड्यांत, यावर शहरांत बरीच चर्चा होते. त्याला एकच उत्तर नाही. एकमेकांवाचून रडणारी जोडी पहिलीत तोडू नये, आणि एकाच्या सावलीत दुसरा मुका होत असेल तर पुढे वेगळे करून पाहावे. जिल्हा परिषदेच्या बहुतेक खेड्यांतील शाळांत इयत्तेला तुकडी एकच असते, तेव्हा हा प्रश्न तेथे उद्भवतच नाही. शिक्षकांनी एवढे पाळावे की हजेरी घेताना ‘जुळे आले का?’ असे न विचारता दोन नावे घ्यावीत.

आधार क्रमांकाचे वाटप देशात प्रथम झाले ते खान्देशातच, २९ सप्टेंबर २०१० रोजी, शहादा तालुक्यातील टेंभली गावात. नंदुरबार जिल्हा १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झाला होता. पाच वर्षांखालील मुलांचे आधार केवळ छायाचित्रावर आणि पालकांच्या क्रमांकाशी जोडून दिले जाते. त्यामुळे हुबेहूब जुळ्यांच्या दोन कार्डांवर प्रत्यक्षात एकच चेहरा असतो आणि कोणते कार्ड कोणाचे, हे त्या वयात केवळ नावावरून ठरते. पाचव्या वर्षी, आणि पुन्हा पंधराव्या वर्षी, बोटांचे ठसे व बुबुळे नोंदवावी लागतात. बोटांवरच्या रेषा गर्भाच्या तिसऱ्या ते पाचव्या महिन्यांत, त्या त्या गर्भाच्या हालचाली आणि आजूबाजूच्या दाबानुसार आकार घेतात. एकाच बीजातून आलेल्या भावांच्याही त्या जुळत नाहीत. या नोंदणीला दोघांना एकदम नेले तरी यंत्रापुढे एकेकालाच बसवावे, आणि पावतीवरचे नाव तेथेच वाचून घ्यावे.